बेकारीतली टाइमशीट

काका आठवले की मला आधी एक गॅरेजचं दार दिसतं. कुरकुरत, सावकाश वर जाणारं. त्याखालून आधी त्यांच्या वहाणा दिसायच्या, मग लेंगा, मग मांडीवरची वही आणि सगळ्यात शेवटी चष्मा. दार पुरतं वर गेलं की काका घडीच्या खुर्चीत समोरच्या तळ्याकडे बघत बसलेले असायचे. थंडी असली तर अंगावर दोन स्वेटर आणि वरून काकूंची शाल. वेस्ट विंडसरमधल्या त्या टाउनहाउसांच्या रांगेत बाकीची सगळी गॅरेजं गाड्यांसाठी होती. आमच्याकडे गाडी बाहेर असायची आणि काका आत.

मी त्यांची भाडेकरू. नागपूरहून मास्टर्स करायला आले होते आणि त्यांच्या वरच्या लहान खोलीत दोन वर्षं राहिले. खोलीच्या खिडकीतून तेच तळं दिसायचं. दुपारी त्यावर धुकं उतरलं की रानहंस दिसेनासे व्हायचे, नुसते आवाज यायचे. त्या दोन वर्षांत मी काय शिकले ते मला आता धड सांगता येणार नाही, पण त्या धुक्यातून काकांचा प्रश्न अजून ऐकू येतो. मी बसमधून उतरून आले की ते वहीतून मान वर न करता विचारायचे, “किती झाले?”

म्हणजे आज काम किती तास झालं. पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, “असतील आठ-नऊ.”

“आठ की नऊ?”

“काहून काका, पगार देणार आहात का?”

“पगाराचं सोड. आठ आणि नऊच्या मध्ये एक अख्खा तास असतो. तो गेला कुठे?”

माझा स्वभाव तसा तापट. थकून घरी यावं आणि दारात हिशेब द्यावा लागावा, याचा मला संताप यायचा. पण रागावून वर गेले तरी जिन्यात माझं मन नकळत मोजू लागायचं. लॅबमध्ये तीन, वर्गात दोन, लायब्ररीत सव्वा. बाकीचे तास खरंच कुठे गेले, ते मला सापडायचं नाही.

काका टेलिफोनच्या कंपन्यांमध्ये इंजिनिअर होते. कायम कंत्राटावर. कंत्राटी माणसाला रोज टाइमशीट भरावी लागते, म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ दिला ते पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने लिहून सही करावी लागते. वीस वर्षं त्यांनी ती भरली. लोक शुक्रवारी संध्याकाळी अंदाजपंचे आकडे टाकून मोकळे होतात. काका दर पंधरा मिनिटांनी घड्याळ बघायचे. मग टेलिफोनच्या धंद्यात मंदी आली, मजलेच्या मजले रिकामे झाले आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी काकांची नोकरी गेली. मी राहायला आले तेव्हा त्याला दोन महिने झाले होते. नोकरी गेली, पण टाइमशीट थांबली नाही. शाळेच्या वहीत पट्टीने रेघा मारून त्यांनी चार रकाने पाडले होते: कोणाकडे, काय काम, किती तास, मोबदला.

आणि कामं भरपूर असायची. आजूबाजूला आपल्या लोकांची बरीच घरं होती. बहुतेक पुण्या-मुंबईची तरुण जोडपी, व्हिसावर आलेली, आयटीत काम करणारी, हातात स्क्रूड्रायव्हर धरायची सवय नसलेली. कोणाचा नळ गळतोय, कोणाचं नवं कपाट जोडायचंय, कोणाच्या मुलाला गणित येत नाही, कोणाच्या आईला डॉक्टरकडे न्यायचंय. फोन आला की काका निघायचे. कोणाकडे मोकळ्या हाताने जायचं नाही म्हणून काकू चिवडा नाहीतर लाडू असं काहीतरी स्टीलच्या डब्यात भरून द्यायच्या. आणि डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून ती मंडळी त्यात काहीतरी घालून द्यायची. काका संध्याकाळी डबा ओट्यावर ठेवायचे, आत काय आहे ते बघायचे आणि गॅरेजमध्ये जाऊन लिहायचे. ‘कपाट जोडणे. पावणेतीन तास. पुरणपोळ्या पाच.’

मला त्यांनी गाडी शिकवली ती त्यांच्या जुन्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये. ऑफिस बंद झालं होतं, पण आवाराला फाटक नव्हतं. शेकडो गाड्यांची ती मोकळी जागा, नुसत्या पांढऱ्या रेघा आणि मधूनच उगवलेलं गवत. आम्ही शनिवारी दुपारी तिथे जायचो आणि मी तासन् तास त्या रेघांमधून गाडी फिरवायचे. इमारतीच्या काचांमध्ये ढग दिसायचे. कधी कधी मला वाटायचं की आम्ही दोघं पाण्याच्या तळाशी गाडी चालवतोय. काका शेजारी बसून हळू आवाजात सांगायचे, “डावीकडे. अजून. आता सरळ कर. इथे माझी गाडी असायची. सत्तावीस नंबर. आता त्याच्यातच लाव बघू.”

मी तीन वेळा चुकून चौथ्या वेळी लावली. ते खाली उतरले, चारही बाजूंनी रेघा बघून आले आणि म्हणाले, “बरोबर. अशीच असायची.”

त्या बदल्यात मी एकदाच त्यांना साबुदाण्याची खिचडी करून दिली होती. डबा त्यांचाच होता.

आता त्या रविवारच्या फोनबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. काकांना बेकारभत्ता मिळायचा. आम्ही विद्यार्थी आणि व्हिसावाले, आम्हाला तसलं काही नव्हतं. काका नागरिक होते, वीस वर्षं कर भरला होता. काकू एका शाळेच्या कँटीनमध्ये दुपारचे चार तास जायच्या. त्यांचा पगार आणि हा भत्ता, यातून घराचा हप्ता जेमतेम भरला जायचा. भत्ता थांबला तर घर जाणार, हे काकू उघड बोलायच्या. पण भत्ता आपोआप येत नसे. दर रविवारी फोन करायचा, पलीकडून रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज प्रश्न विचारणार, आपण आकड्याचं बटण दाबून उत्तर द्यायचं. या आठवड्यात काम केलंत का? केलं असेल तर किती तास? किती मिळकत झाली? थोडं काम केलं तर भत्त्यातून कापतात, फार तास केलं तर त्या आठवड्याचा भत्ताच मिळत नाही. लोक ‘नाही’ दाबून एका मिनिटात मोकळे होतात.

काकांना अर्धा तास लागायचा. रविवारी आंघोळ करून, वही घेऊन, फोन स्पीकरवर टाकून ते समोर बसायचे. पहिल्या प्रश्नाला डोळे मिटायचे. त्या बाईचा आवाज फार गोड होता. उत्तर नाही मिळालं की ती तितक्याच मायेने पुन्हा विचारायची. मी वरच्या जिन्यात बसून ऐकायचे. त्या आवाजात मलाच विचारल्यासारखं वाटायचं, आणि माझ्या आठवड्याचा हिशेब काही लागायचा नाही.

काही महिने ते तास सांगायचे आणि मिळकत शून्य. आठवड्याचे तास मर्यादेपलीकडे जायचे नाहीत, त्यामुळे ते कसंबसं चाललं. मग भत्त्याचं माहितीपत्रक पुन्हा वाचताना त्यांना एक ओळ दिसली. कामाच्या बदल्यात जेवण किंवा राहायला जागा मिळाली तर त्याचीही किंमत मिळकतीत धरावी.

“अगं, हे आपण सांगितलंच नाही,” ते काकूंना म्हणाले. चेहरा पडला होता.

“काय सांगितलं नाही?”

“डबे.”

काकूंना आधी ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं. पण काका वाण्याच्या दुकानात जाऊन फ्रोझन पुरणपोळीच्या पाकिटावरची किंमत उतरवून आले. त्यातून काकूंच्या चिवड्याची किंमत वजा केली, कारण तो आपण दिला होता. मागच्या सगळ्या महिन्यांचे डबे, तास, कोणाकडून आले, सगळं एका पत्रात नीट लिहिलं आणि राज्याच्या त्या ऑफिसला पाठवलं. सोबत नऊ नावं आणि पत्ते. नववं नाव माझं होतं, त्यापुढे ‘गाडी शिकवणे’ आणि ‘साबुदाणा खिचडी, एक डबा’.

भत्ता थांबला. चौकशी पुरी होईपर्यंत. आणि आम्हा नऊ जणांना सरकारी पत्र गेलं: अमुक गृहस्थ तुमच्याकडे काम करत होते का, किती तास, त्याबद्दल काय दिलंत?

व्हिसावर असलेल्या माणसाच्या घरी सरकारी पाकीट येतं तेव्हा त्या घरात काय होतं, ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. आपण कोणाला कामावर ठेवलं होतं, असा त्याचा अर्थ निघतो का? ग्रीन कार्डाच्या फाइलला हे चिकटेल का? एकाने वकिलाला फोन केला. दुसऱ्या घरातल्या बाईने काकूंना विचारलं, “काकू, आम्ही प्रेमाने दिलं होतं हो. काकांनी असं रिपोर्ट का केलं?” फोन यायचे बंद झाले. नळ गळत राहिले असतील, पण कोणी काकांना बोलावलं नाही. काकूंचे डबे मांडणीवर एकात एक घालून ठेवलेले होते. गॅरेजचं दार रोज वर जायचं, वही मांडीवर असायची, पान कोरं.

काका मला म्हणाले, “वेळ द्यावा लागतो लोकांना. पत्र आलंय तर नीट आठवून लिहीत असतील.”

त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. मी वर निघून गेले.

कारण आदल्याच दिवशी काकू माझ्या खोलीत आल्या होत्या. दार लोटून घेतलं आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. माझं सरकारी पत्र टेबलावर पडलं होतं, त्याकडे बघत म्हणाल्या, “सगळ्यांना फोन केलेत मी. तू तेवढी राहिलीस. ‘काही काम केलं नाही’ एवढंच लिहायचं. तुझं काही जात नाही.”

“पण काकू, त्यांनी मला गाडी शिकवली.”

“ते मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे. दोन हप्ते चुकलेत, हेही मला माहीत आहे.” त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत की आवाज चढवला नाही. “त्यांच्या खरेपणावर बँक थांबत नाही गं. एवढं कर माझ्यासाठी.”

मी केलं. काकूंसाठी केलं असं तेव्हा स्वतःला सांगितलं. पण माझ्याही व्हिसाच्या कागदांवर मला कसलाही डाग नको होता, हे मी आज लपवत नाही. मोठ्या सुबक अक्षरात मी लिहिलं: या गृहस्थांनी माझ्यासाठी कोणतंही काम केलेलं नाही. तास: शून्य.

महिनाभराने काकांना ऑफिसात बोलावणं आलं. काकूंना सुट्टी मिळेना. म्हणून सोबत मी गेले; नुकतंच लायसन्स काढलं होतं, सराव व्हावा म्हणून गाडीही काकांनी मलाच चालवायला दिली. वाटेत काका खुशीत होते. बाहेर पातळ धुकं, रस्त्याच्या दोन्ही कडांना वितळत आलेला बर्फ. वळणावर माझ्याकडे न बघता म्हणाले, “सिग्नल लवकर दिलास. छान.” वही त्यांच्या मांडीवर होती, नव्या कागदाचं वेष्टण घातलेली.

ऑफिसमधल्या बाई वयस्कर होत्या, चष्म्याला साखळी, अंगात लोकरी जाकीट. टेबलासमोर दोन खुर्च्या, म्हणून मीही बसले. त्यांनी फाइल उघडली आणि हसून म्हणाल्या, “चांगली बातमी आहे. नऊही उत्तरं आली. तुम्ही यांच्यापैकी कोणासाठीच काही काम केलेलं नाही.”

काकांना वाटलं, आपल्याला ऐकायला नीट आलं नाही. “मॅडम, काहीतरी गोंधळ आहे. मला बघता येतील?”

बाईंनी फाइल त्यांच्याकडे वळवली. काकांनी एकेक पत्र वाचलं. घाई न करता, बोट ओळीखाली फिरवत. कपाटवाल्यांचं. नळवाल्यांचं. ज्या आजींना त्यांनी सहा वेळा डॉक्टरकडे नेलं होतं, त्यांच्या मुलाचं. प्रत्येकात तेच. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मग त्यांचं बोट थांबलं. माझं अक्षर ते ओळखत होते, भाड्याच्या चेकवर दर महिन्याला बघत होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढी दया त्यांनी केली.

मला वाटलं, आता हे वही उघडणार. हा माणूस पंधरा मिनिटं इकडची तिकडे होऊ देत नाही, हा इथे टेबलावर तारीखवार सगळं मांडणार, आणि मग आम्ही नऊ जण सरकारशी खोटं बोललो हे कागदावर येणार. त्यांचा हात वहीवर होता. अंगठ्याने ते वेष्टणाची कड दाबत होते, सोडत होते. किती वेळ गेला कोण जाणे. नंतर मी ते घड्याळ कितीदा आठवून पाहिलं, काटे मला दिसत नाहीत.

“त्यांचंच बरोबर असणार,” काका म्हणाले. “माझीच लिहिण्यात चूक झाली. वय झालं आता.”

बाईंनी मान डोलावली, शिक्का मारला, थांबलेला सगळा भत्ता मिळेल असं सांगितलं. मग फाइल मिटता मिटता सहज म्हणाल्या, “खरं सांगू का? शेजाऱ्याचा नळ दुरुस्त केला आणि त्याने घरचं जेवण दिलं, तर त्याला आम्ही नोकरी म्हणतच नाही. तुम्हाला नोकरीचा फोन आला असता तर तुम्ही गेलाच असता ना?”

“लगेच,” काका म्हणाले.

“मग झालं तर. त्यांनी खरं लिहिलं असतं तरी चाललं असतं.”

परत येताना मी दोनदा सिग्नल द्यायला विसरले. काका खिडकीतून बाहेर बघत होते. घराच्या वळणावर मला राहवेना. “काका, मी…”

“समोर बघ,” ते म्हणाले. “अक्षर छान आहे तुझं.”

पुढच्या रविवारी मी जिन्यात बसले. फोनमधल्या बाईने तिच्या गोड आवाजात विचारलं, या आठवड्यात काम केलंत का? काकांनी लगेच बटण दाबलं. एका मिनिटात फोन ठेवला आणि ते गॅरेजमध्ये निघून गेले. काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुकरची शिट्टी झाली आणि त्या वळल्या.

घर वाचलं. हळूहळू फोनही सुरू झाले, डबे फिरू लागले. काका सगळीकडे जायचे, पूर्वीइतकंच मन लावून सगळं दुरुस्त करायचे. फक्त वही दिसेनाशी झाली. मी बसमधून उतरून आले की ते हसायचे, “आलीस?” म्हणायचे. ‘किती झाले?’ असं त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. मला त्या प्रश्नाचा इतका राग यायचा, आणि आता तो प्रश्नच येत नाही म्हणून मी रोज दारात क्षणभर थांबून वर जायचे.

माझं शिक्षण संपलं, मी निघाले. काकांना पुढे एका हार्डवेअरच्या दुकानात तासावर काम मिळालं, आणि निवृत्तीनंतर ते दोघं मुलीजवळ अल्फारेटाला गेले. दिवाळीला फोन व्हायचा. त्यात या विषयाला कोणी हात लावला नाही.

दोन हजार आठमध्ये, फ्रीमाँटला, माझी नोकरी गेली. तोवर लग्न होऊन नवऱ्याच्या मागोमाग मलाही ग्रीन कार्ड मिळालं होतं, म्हणून मीही भत्त्याचा अर्ज केला. इथे फोन नव्हता, दर दोन आठवड्यांनी फॉर्म यायचा. त्यातल्या एका प्रश्नापाशी माझं पेन अडलं. काही काम केलंत का, पैसे मिळाले असोत वा नसोत? त्या आठवड्यात शेजारच्या मुलीला बाळ झालं होतं, तिचं कोणी नव्हतं इथे, मी तिच्याकडेच होते. दुपार होती. बाहेर फ्रीवेचा आवाज लांबून पाण्यासारखा येत होता. मला उगाच वाटलं, आता एक दार कुरकुरत वर जाईल.

मी भत्त्याच्या ऑफिसला फोन केला, अर्धा तास थांबले, आणि विचारलं. जे त्या ऑफिसमधल्या बाई काकांना म्हणाल्या होत्या तेच उत्तर मिळालं. फॉर्म भरून झाला. मग मी एक कोरा कागद घेतला, पट्टीने चार रकाने आखले आणि वर ते जुनं साल घातलं. कोणाकडे: माझ्याकडे. काय काम: गाडी शिकवणे. किती तास: अंदाजे चाळीस. मोबदला: साबुदाणा खिचडी, एक डबा. खाली सही केली आणि कागद अल्फारेटाला पोस्टाने पाठवला. सोबत चिठ्ठी घातली नाही. काय लिहिणार होते?

दहा दिवसांनी पाकीट परत आलं. आत माझाच कागद होता. माझे ‘अंदाजे चाळीस’ लाल शाईने एका रेघेत खोडले होते आणि शेजारी काकांच्या अक्षरात लिहिलं होतं: एकेचाळीस तास, पंधरा मिनिटं. खाली त्यांची सही होती, आणि सहीखाली एक ओळ.

‘आज किती झाले?’